दोन बलकांच्या अंड्यातली भावंडं

टेकडीपल्याड एक हिरवंगार गाव होतं. त्या गावात गोजरी नावाची सात वर्षांची मुलगी होती. मऊ केस, मोठाले डोळे, आणि अंगात एक विटका परकर. तिला आईबाप नव्हते. लांबच्या नात्यातल्या भागूकाकीकडं ती राहायची. कोंबड्या राखायची, खुराडं झाडायची आणि सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं खायची.

"जास्तीचं तोंड आहे गं आमच्याकडं," काकी आल्यागेल्याला सांगायची. तेसुद्धा गोजरीच्या देखत! एवढंसं पोर ते, त्याच्या तोंडावर असं बोलावं का? पण बोलायची.

भाद्रपदातल्या एका सकाळी कवडी नावाच्या ठिपक्याठिपक्यांच्या कोंबडीनं एक अंडं घातलं. केवढं थोरलं! गोजरीच्या चिमुकल्या मुठीत मावेना. तिनं ते कोवळ्या उन्हासमोर धरलं, तर आत दोन पिवळ्या सावल्या, जशा एका खोलीत दोन समया.

"काकी, काकी! दोन बलक आहेत ह्यात!"

काकीनं कपाळावर हात मारला. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही मुलांची लग्नं होती.

"अगं बाई! दोन बलक म्हणजे दोन चुली. माझ्या सुना उंबरा ओलांडायच्या आधीच घर फुटायचं. जा, ओढ्यात टाकून ये ते. देवाचं नाव घे आणि टाक!"

आता सांगा, देवाचं नाव घेऊन जीव ओढ्यात टाकायचा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? ज्यानं मुंगीला पाय दिले त्याला दोन पिल्लं जड झाली असती का?

गोजरी अंडं घेऊन निघाली खरी, पण ओढा ओलांडून थेट टेकडीवर गेली. टेकडीवर सोनकीची फुलं फुलली होती. पिवळी, इवलीइवली, वाऱ्यावर लुकलुकणारी. त्यांच्यात बसून तिनं अंडं परकरात गुंडाळलं आणि ती रडू लागली. रडताना चिडलीही होती.

"टाकणार नाही! मुळीच टाकणार नाही!"

"कोण गं एवढं रागावलंय माझ्या फुलांत?" नाजूक आवाज आला.

एका फुलातून बोटभर उंचीची परी उतरली. तिच्या झग्यावर दवाचे मणी चमचमत होते आणि पंखांतून हळदीसारखा उजेड झिरपत होता. ती म्हणाली, "मी हळदुली. रडणाऱ्या मुलांना मी तीन इच्छा देते. पण माझे नियम आहेत हं, बाळ. इच्छा उन्हात मागायची, मोठ्यानं मागायची आणि फक्त स्वतःसाठी मागायची."

"मला काही नको. ह्यातली दोन्ही पिल्लं जगू देत."

हळदुलीचा चेहरा उतरला. "ते पिल्लांसाठी झालं गं. आणि एका टरफलात दोघं जगत नाहीत, सोने. हवा थोडी, जागा थोडी. तू आपली रेशमी परकर माग, साखरभात माग."

गोजरी ताडकन उठली. नाकाचा शेंडा लालेलाल!

"हा कसला नियम? दुसऱ्यासाठी मागितलं तर चालत नाही, आणि आपल्यासाठी साखरभात मागितला तर चालतो? कुणी केला हा नियम?"

"पहिल्यापासून आहे," परी चाचरत म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नाही."

गोजरीनं डोळे पुसले. थोडा विचार केला. मग उन्हात उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला माझ्यासाठी उबदार तळवे दे. कोंबडीच्या पोटासारखे. माझे आहेत ना तळवे? मग झालं तर!"

परी बघतच राहिली. तिनं पंख फडकवले. गोजरीचे तळवे चुलीजवळच्या पाटासारखे उबदार झाले.

मग सुरू झाली गोजरीची राखण. पोटाशी कापडाची झोळी बांधून त्यात तिनं अंडं ठेवलं. झाडता झाडता ते हलक्या हातानं फिरवायचं, पाणी भरून आली की तळव्यात धरायचं. काकीला वाटलं, पोरगी थंडीनं पोटाशी हात धरून बसते. "आळशी मेली," ती म्हणायची. गोजरी गालात हसायची आणि गप्प राहायची.

विसाव्या दिवशी ती टेकडीवर आली. "हळदुली, मला बारीकसारीक ऐकणारे कान दे. माझेच कान."

परीनं फुंकर घातली. आणि काय सांगू! टरफलाच्या आतून दोन आवाज आले. अंड्याच्या रुंद टोकाकडून एक खणखणीत, "चिव! सरक ना!" आणि निमुळत्या टोकाकडून एक मलूल, "कुठं सरकू? मला हवाच नाही..."

दुसऱ्या दिवशी दुपारी रुंद टोकाला तडा गेला. इवलीशी चोच बाहेर आली. पण निमुळत्या टोकाकडचा आवाज बारीक बारीक होत चालला. गोजरी धावत, धापा टाकत टेकडीवर पोचली.

"हळदुली, लवकर! माझ्या बोटाला चोच दे!"

"चोच? अगं, ही शेवटची इच्छा! मग रेशीम नाही, भात नाही, काही नाही."

"बोट माझं आहे! दे म्हणते ना!"

तर्जनीच्या टोकावर केशरी चोच उगवली. गोजरीनं श्वास रोखला आणि निमुळत्या टोकाला टुक... टुक... टुक... एवढंसं भोक पाडलं. आत हवा गेली. क्षणभर काहीच नाही. गोजरीच्या डोळ्यांतून पाणी टपकलं. आणि मग आतून, "चिव."

तिन्हीसांजेच्या आधी टरफल उलगडलं. ओली, लडबडलेली, एकमेकांना बिलगलेली दोन पिल्लं! एक लोण्यासारखं, एक गुळासारखं.

त्यांचा चिवचिवाट खाली खुराड्यापर्यंत गेला. कवडी जाळीवरून उडाली आणि टेकडी चढून आली. मागोमाग भागूकाकी, पदर खोचून.

"कुठं पळवलीस माझी कोंबडी? आणि हे काय? ते अपशकुनी अंडं तू..."

कवडीनं पंख पसरून दोन्ही पिल्लं पोटाशी घेतली.

"काकी," गोजरी म्हणाली. ती मागं सरली नाही. "तीन आठवडे ही दोघं एका टरफलात राहिली. घोटभर हवेत. तरी जगली ना? तुमच्या एवढ्या मोठ्या घरात दोन सुना मावणार नाहीत? आणि मी तरी मूठभरच आहे. मी जास्तीची कशी झाले?"

काकी तिथंच फुलांत बसली आणि पिल्लांकडं बघू लागली.

हळदुली गोजरीच्या खांद्यावर उतरली. "परीलासुद्धा रागावणारी तू पहिलीच गं, सोने. तळव्यांची ऊब आणि कान आता कायमचे तुझे, चोच तेवढी परत घेते. आणि माझा तो नियम मी आजच मोडला." तिचे पंख लखलखले. साऱ्या टेकडीवर सोनेरी झगमगाट झाला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी कुठंच नव्हती.

काकीनं हळूच गोजरीचा हात हातात घेतला. तो केवढा उबदार होता!

"सरक गं पोरी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दुसरं पिल्लू मला नीट दिसत नाहीये. आणि हे बघ, त्याला भूक लागली असेल. तुलाही लागली असेल. आज आपण दोघी बरोबरच बसू."

गोजरीला दोन्ही पिल्लं लाभली, तशी माया तुमच्या-आमच्या दारीही लाभो, आणि कुणाच्याही घरी कुठलाही जीव जास्तीचा न ठरो.