पळवलेली माणसं

डॉक्टर रणदिवे दर महिन्याला मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर भरवायचे. मंडप, लाऊडस्पीकर, चहा-पोहे, सगळा थाट असायचा. यायची मात्र पेठेतली तीच ती मंडळी. त्यांच्याच सरकारी दवाखान्यातली नर्स यमुना तायडे दुपारच्या सुट्टीत वीटभट्टीवर जायची, मजुरांचा रक्तदाब तपासायची, त्यांच्यात बसून तंबाखूचे तोटे सांगायची. गावात जो तो तिचं नाव घेऊ लागला आणि डॉक्टरांचा जळफळाट सुरू झाला.

जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तक्रार केली. "साहेब, ही बाई माझ्या शिबिराची माणसं पळवते. हिची बदली करा."

"काय हो सिस्टर?" साहेबांनी विचारलं.

यमुना म्हणाली, "माझ्या वहीत एकशे बारा नावं आहेत, साहेब. डॉक्टरांच्या शिबिरांच्या तीन वर्षांच्या वह्यांत त्यातलं एक जरी सापडलं, तरी मी आजच जाते."

वह्या आल्या. डॉक्टर घाईघाईने पानं उलटत राहिले. एकही नाव जुळेना.

यमुना शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, पळवायला माणसं आधी तुमच्याकडे यायला नकोत का?"

साहेब खो खो हसले आणि पुढचं शिबिर भट्टीवर घ्यायचा हुकूम देऊन गेले.

डॉक्टर धुसफुसतच तिथे पोहोचले. पहिल्याच म्हातारीचा रक्तदाब पाहून ते दचकले.

"आजी, एवढा दाब घेऊन तुम्ही विटा वाहता?" धुसफूस विसरून ते तिच्याशेजारी विटांवरच बसले.