हेरंबनं जागा धरली

नेदरलँड्समध्ये, समुद्राच्या पातळीच्याही खाली वसलेल्या एका गावात एक भोळा नवरा राहत होता. नाव हेरंब नेर्लेकर, मूळचा इस्लामपूरचा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, त्यामुळे तो भोळा आहे हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

बायकोचं नाव गौतमी. इस्लामपूरला ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवऱ्याबरोबर इथे आली आणि नुसती हेरंबची मिसेस झाली. घर हेरंबच्या नावावर, विजेचं बिल हेरंबच्या नावावर, ग्रंथालयाचं कार्डसुद्धा हेरंबच्याच नावावर. अशी तीन वर्षं गेली. मग ती पळायला लागली. पळायला कुणाची सही लागत नाही.

वर्षभर सराव करून तिनं गावच्या मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. बेचाळीस किलोमीटर, सहा तासांच्या आत. जो पोचेल त्याला पदक, आणि पदकावर तिथल्या तिथे नाव कोरून मिळणार. गौतमीला ते पदक हवं होतं. या देशात तिच्या नावाची एकही वस्तू नव्हती. पदक ही पहिली असणार होती.

"मी आहे ना," हेरंब म्हणाला. "मी काय करायचं तेवढं फक्त सांग."

माणूस वाईट नव्हता. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथेच होती.

तिथल्या मराठी मंडळात हेरंबचं फार कौतुक झालं. मंडळाच्या सेक्रेटरी वृंदाकाकू म्हणाल्या, "गौतमी, नशीब काढलंस हो. बायकोला पळू देतो म्हणजे काय." गौतमी रोज पहाटे थंडीत पंधरा किलोमीटर पळत होती. हेरंब त्या वेळी पांघरुणात असायचा आणि तिला पळू देत असायचा.

एका रविवारी ती वीस किलोमीटर पळून आली, तर दाराला कुलूप. हेरंब किल्ली घेऊन दूध आणायला गेला होता. पाऊण तास ती पायरीवर कुडकुडत बसली. घशाला कोरड पडली, डोकं दुखायला लागलं.

तो आल्यावर ती म्हणाली, "हेरंब, मी पळत आले की तू दारात पाहिजेस. हातात पाणी घेऊन. आणि पाणी प्यायल्याशिवाय मला आत सोडू नकोस."

"आलं लक्षात," हेरंब म्हणाला.

बुधवारी गौतमीची डच भाषेची परीक्षा होती. ती बसथांब्यावर पोचली आणि पासपोर्ट घरी राहिल्याचं तिला आठवलं. बसला चार मिनिटं होती. ती धावत सुटली. हेरंबनं तिला खिडकीतून पाहिलं. बायको पळत येत होती. तो तांब्या भरून दारात उभा राहिला.

"बाजूला हो, बस जाईल."

"आधी पाणी."

"अरे, पासपोर्ट."

"आधी पाणी," हेरंब म्हणाला. "तुझंच भलं आहे."

तिनं तांब्या तोंडाला लावला, ठसका लागला, निम्मं पाणी अंगावर सांडलं. तोवर बस गेली आणि परीक्षाही गेली. गौतमी दारातच मटकन बसली. तिथूनच म्हणाली, "कोणी धावत येत असेल तर आडवं येऊ नये रे. बाजूला व्हावं. फार तर टाळ्या वाजवाव्यात."

शेवटचं वाक्य तिनं कडवटपणे म्हटलं होतं. पण कडवटपणा हेरंबपर्यंत पोचत नसे. वाक्य मात्र पोचायचं.

"आलं लक्षात," तो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या योकेआजी धावत आल्या. वय ऐंशी. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले, दोन्ही हात वर. मेणबत्तीमुळे त्यांच्या बैठकीतल्या पडद्यानं पेट घेतला होता. दार हेरंबनं उघडलं. त्यानं आजींना पाहिलं आणि अदबीनं बाजूला झाला. मग टाळ्या वाजवायला लागला.

"आग," आजी म्हणाल्या.

"छान," हेरंब म्हणाला. "थोडंच राहिलं."

"माझं घर."

"जमतंय, जमतंय."

आजी त्याच्या बाजूनं आत पळाल्या, मागच्या दारातून गौतमीला ओढून घेऊन गेल्या. पडदा गेला, एक खुर्ची गेली, पण घर वाचलं. हाताला काजळी लागलेली गौतमी परत आली. आता तिचा आवाज चढला.

"असं लालबुंद होऊन कोणी धावत आलं तर टाळ्या वाजवतात का? बादली भरायची आणि ओतायची. मागचापुढचा विचार करायचा नाही."

मागचापुढचा विचार न करण्याबद्दल हेरंबला सांगायची खरं तर गरज नव्हती. "आलं लक्षात," तो म्हणाला, आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी बादली घेऊनच बाहेर पडला.

शर्यत नऊला सुटली. गौतमी बेतानं पळत होती, श्वास सांभाळत, घड्याळ बघत. निम्मं अंतर तिनं दोन तास चाळीस मिनिटांत कापलं. याच वेगानं गेली असती तर चाळीसेक मिनिटं हाताशी ठेवून पोचली असती. एकविसाव्या किलोमीटरला कालव्याच्या पुलापाशी हेरंब उभा होता. बादली कालव्यातून भरून तयार होती. समोरून बायको आली, लालबुंद होऊन, धावत.

हेरंबनं मागचापुढचा विचार केला नाही.

एप्रिल महिना होता. त्या गावात एप्रिलमध्ये कालव्याचं पाणी कसं असतं ते मी सांगत बसत नाही. गौतमी जागच्या जागी थांबली. सदरा भिजला, मोजे भिजले, बुटांत पाणी साचलं. ओल्या बुटांनी उरलेले एकवीस किलोमीटर म्हणजे पायांची सालटी. ती रस्त्याकडेच्या बाकावर बसली. छातीवरचा नंबराचा कागद तिनं काढून बाजूला ठेवला आणि सदरा पिळायला घेतला.

तो कागद म्हणजे साधा कागद नव्हता. त्यावर तिचा नंबर होता, मोठ्या अक्षरात तिचं नाव होतं आणि मागे एक बारीक पट्टी होती. ती पट्टी शेवटच्या रेघेवरून गेली की यंत्राला कळायचं, अमुक माणूस पोचला.

"हेरंब," गौतमी मोजे पिळत म्हणाली, "आता कृपा कर. बादली खाली ठेव. वाटेत कुठे भेटू नकोस. सरळ शेवटाला जा आणि तिथे जागा धर. फार गर्दी असते."

त्यानं कठड्यापाशी, तिला दिसेल असं उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं. तेवढाच तिला धीर आला असता.

पण इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला जागा धरायला शिकवावं लागत नाही. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली. मग सावकाश चढा, वाटेत भजी खा. तिथे कोणी बसायला लागला तर शेजारचा सांगतो, "तिथं माणूस आहे." माणूस नसतो, रुमाल असतो, पण ते कोणी उकरून काढत नाही.

हेरंबनं खिशातला रुमाल काढला आणि विचारात पडला. हा रुमाल त्याचा होता. तो टाकला तर जागा त्याची झाली असती. जागा गौतमीची व्हायला वस्तू गौतमीची हवी. बाकावर तिचा कागद होता, आणि त्यावर नावही होतं. रुमालापेक्षा बरंच.

गौतमी वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. वर बघते तर कागद नाही आणि हेरंब बसमध्ये. ती ओल्या बुटांनी बसमागे धावली. खिडकीतून हेरंबनं तिला अंगठा दाखवला. तिला इतक्या जोरात पळताना पाहून त्याला फार समाधान वाटलं.

बस शेवटापाशी पोचली तेव्हा शर्यत सुटून तीन तास वीस मिनिटं झाली होती. हेरंब कागद पुढे धरून, बादली सांभाळत, घाईघाईनं पळणाऱ्यांच्या रांगेत शिरला आणि रेघ ओलांडून गेला. यंत्र वाजलं. लाउडस्पीकरवर गौतमीचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं त्याच्या गळ्यात पदक घातलं. पुढच्या टेबलावरच्या माणसानं ते दोन मिनिटं मागून घेतलं, काहीतरी विचारलं, आणि परत दिलं.

मग हेरंबनं रेघेपासून दहा पावलांवर चांगली सावलीची जागा बघितली, कागद रस्त्यावर अंथरला आणि उडू नये म्हणून वर बादली ठेवली. बेचाळीस किलोमीटर पळून आलेली माणसं धापा टाकत तिथे बसायला बघत होती. हेरंब हात आडवा करून त्यांना हटवत होता. "इथं बाई आहे," तो सांगायचा.

वृंदाकाकू तिकडे आल्या होत्या. त्यांनी पदकासकट त्याचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बायकोच्या पाठीशी उभा राहणारा नवरा.' गौतमी तेव्हा सत्ताविसाव्या किलोमीटरला होती. ग्रुपवर एकाहत्तर जणांनी हात जोडले. तिची चौकशी कोणी केली नाही, आणि हे सांगताना मला अजून राग येतो.

पाच तास चोपन्न मिनिटं झाली तेव्हा गौतमी आली. लंगडत आली, पण पळत आली. मोज्यांवर रक्त होतं. सहा मिनिटं शिल्लक होती. रेघेच्या अलीकडे स्वयंसेवकानं तिला थांबवलं.

"नंबर?"

"नंबर नवऱ्यानं नेला," ती म्हणाली. "माझं नाव बघा. गौतमी नेर्लेकर."

त्यानं यंत्रात बघितलं. "त्या बाई अडीच तासांपूर्वीच पोचल्या."

तिनं समजावून सांगितलं. डचमध्ये सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, शेवटी मराठीत सांगितलं. बोलता बोलता सहा तास झाले आणि लोक येऊन कठडे उचलायला लागले. स्वयंसेवकाला तिच्या पायांकडे बघून वाईट वाटलं. त्यानं तिला बाजूच्या फाटकातून आत सोडलं.

"ये गं," हेरंबनं हाक मारली. "बस. कुणाला बसू दिलं नाही."

गौतमी बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "पदक?"

"हे काय." त्यानं गळ्यातलं काढून तिच्या हातावर ठेवलं. "तुझंच आहे. तुझा कागद दाखवून घेतलंय."

तिनं ते मुठीत धरलं. वर्षभराच्या पहाटा त्या मुठीत होत्या. ती बेचाळीस किलोमीटर पळाली होती, हे तिच्या पायांना तरी माहीत होतं, आणि पदक हातात होतं. तिला जरा बरं वाटलं. तिनं ते उलटं करून मागचं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हेरंब, यावर तुझं नाव आहे."

"हो. कोरून देतात."

"माझं नाव कोरायचं होतं."

"मला काय कमी हौस होती? पण त्या माणसानं मला विचारलं, तुमचं नाव काय," हेरंब म्हणाला. "परक्या देशात खोटं कसं सांगू?"