रिकामा रहाट

कोणीतरी बागेला तहानलेलं ठेवलं होतं, आणि कोणी, ते कबूल करायची कोणाचीच तयारी नव्हती.

झाडं आणि अवजारं एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. विहिरीवरच्या रहाटाची गाडगी दोर सोडून काठावर जाऊन बसली होती. पाणी बंद होऊन दोन दिवस झाले होते. वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

"रहाटदादा, कपारीपाशी जरा हळू फिर आणि हा झिजलेला दोर बदल," म्हातारं गाडगं म्हणालं. "परवा आमच्यातली तिघं आपटून फुटली. एवढं मान्य कर, आत्ता खाली उतरतो."

रहाट बागेकडे वळला. "ऐकलंत? मी तर फिरायला तयारच आहे. यांनीच तुम्हाला वेठीला धरलंय. हळू फिरलो तर शेवटच्या वाफ्याला पाणी कधी पोचायचं?"

"मग तूच आण की पाणी!" केळ रडकुंडीला येऊन ओरडली. "ही रोपं दुपार काढणार नाहीत रे."

रहाट इरेला पेटला. नुसता दोर घेऊन तो गरगर फिरू लागला. ओळखीची करकर ऐकून रोपं माना उचलायला धडपडली. "आलं, पाणी आलं!"

"बघा, गाडग्यांवाचून काही अडत नाही," रहाट म्हणाला.

ऊन चढत होतं.

तेवढ्यात विहिरीपासून वाफ्यांपर्यंत गेलेला पाट हळूच म्हणाला, "करकर मीही ऐकतोय. पण माझ्यात अजून धूळच आहे."