पंचमीच्या दिवशी कात्री

शहर जिथे संपतं आणि शेतं सुरू होतात, अशा एका वसाहतीत एक काकू राहत होत्या. घरापुढे त्यांची छोटी बाग होती. अंजिरांवर पक्षी तुटून पडत, म्हणून त्यांनी झाडाला नायलॉनची बारीक जाळी घातली होती. जाळीचं टोक खाली मातीत लोळत असे. ते गुंडाळून ठेवायचं काकूंच्या फार दिवस मनात होतं, पण मनातल्या कामांना कधीच घाई नसते.

काकू रीतभात पाळण्यात पक्क्या होत्या. नागाला इजा होऊ नये म्हणून नागपंचमीला घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि आदल्या दिवशी भावासाठी उपास करायचा. यात त्यांनी कधी खंड पडू दिला नव्हता. यंदा तर त्या जास्तच कडक होत्या, कारण महिन्यापूर्वी त्यांच्या एकुलत्या एका भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. विळी, सुऱ्या, कात्र्या, सगळं त्यांनी चतुर्थीलाच फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं.

पंचमीला सकाळी त्यांनी पाटावर गंधाने नाग काढला, पुरणाची दिंडं उकडायला ठेवली आणि फुलं आणायला बागेत गेल्या. तिथे जाळीत खराखुरा नाग अडकला होता. सुटायला धडपडला की दोरे त्याच्या अंगात आणखी रुतत.

काकू मागे सरकल्या आणि त्यांनी सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत कुंपणापाशी शेजारीपाजारी जमले.

सर्पमित्राने नागाचं तोंड प्लॅस्टिकच्या नळीत घेतलं आणि अंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मला आता हात सोडता येणार नाही," तो म्हणाला. "जाळी कुणीतरी कापा. बारीक कात्री लागेल. लवकर करा, याचा श्वास कोंडतोय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अहो, आज पंचमी! आज कसं कापायचं?" शेजारीण म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," एक गृहस्थ म्हणाले. ते सकाळीच गुळगुळीत दाढी करून आले होते. नियमाची आठवण त्यांना नाग बघून झाली.

"उद्या कापू या की," मागून कुणीतरी म्हणालं.

"उद्यापर्यंत हा राहायचा नाही," सर्पमित्र म्हणाला.

काकूंनी जाळीकडे पाहिलं. "जाळी मी लावलीय," त्या म्हणाल्या. "कात्री आणते."

"काकू, भावाचा तरी विचार करा!" शेजारीण म्हणाली.

काकू थबकल्या. नागाची भीती त्यांना होतीच, पण या वाक्याची जास्त वाटली. तरी त्या आत गेल्या, माळ्यावरचं गाठोडं सोडलं आणि भरतकामाची कात्री घेऊन आल्या. सर्पमित्र सांगेल तसा एकेक दोरा त्यांनी कापला. शेवटचा दोरा तुटला आणि नाग मोकळा झाला. जखमा वरवरच्या होत्या. सर्पमित्राने त्याला पिशवीत घेतलं आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडलं. नागाने मागे वळून पाहिलं नाही. आज पंचमी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

काकूंनी उरलेली जाळी उतरवली आणि घरात येऊन बसल्या. दिंडं कुणी खाल्ली नाहीत. दिवसभर त्यांची नजर फोनवर होती. फोन करायचा धीर मात्र होईना.

संध्याकाळी भावानेच फोन केला. काकूंना रडू आवरेना.

"आजच्या दिवशी माझ्या हातून कात्री चालली रे," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

भाऊ म्हणाला, "ताई, माझं ऑपरेशन झालं तो दिवस आठवतो?"

"आठवतो ना. अमावस्या होती."

"मी घाबरून म्हणत होतो, आज नको, उद्या करा. आणि तू डॉक्टरांना काय म्हणालीस?"

काकूंनी डोळे पुसले. "म्हणाले, आत्ताच करा."

"म्हणून तर आज मी फोन करतोय. दिंडं उरली असतील तर पाठव."

तात्पर्य एवढंच: ज्याच्या जिवासाठी नियम केला, त्याचाच जीव नियमात अडकला, तर आधी जीव सोडवावा.