उंबऱ्यावरचा थेंब

त्या मोहोळात म्हाताऱ्या माश्या फार झाल्या होत्या आणि पाळणाघरातल्या अळ्या थोड्या. फुलं लांब गेली होती, हिवाळा तोंडावर आला होता.

मोहोळाची रीत जुनी होती. तरुणपणी आत राहून अळ्या सांभाळायच्या, मग बाहेर जाऊन मध आणायचा, आणि पंख फाटले की उंबऱ्यावर बसायचं. बसलेलीला रोज एक थेंब मध मिळे. रीत वाईट नव्हती. ती पडली तेव्हा उंबऱ्यावर दोघीतिघी असत आणि आत सांभाळणाऱ्या ढीगभर. आता उंबऱ्यावर इतकी दाटी की आत वारा शिरेना, आणि सांभाळणाऱ्या उरल्या मूठभर.

त्या मूठभरांत केशर होती. दिवसभर ती उंबऱ्यावर थेंब वाटी. आत यावं तर अळ्या गारठलेल्या. अळीला ऊब लागते. माशीनं मेणाच्या खान्याला छाती टेकून अंग थरथरवलं की ती मिळते. केशर या खान्यावरून त्या खान्यावर पळे. एकीला ऊब येईतो दुसरी गार. एका सकाळी दोन खान्यांतल्या अळ्या काळ्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा ती तिथंच बसून रडली.

सभा भरली. एक शहाणी म्हणाली, "थेंब बंद करा. उंबरा आपोआप रिकामा होईल."

कुणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

उंबऱ्यावर ते ऐकू गेलं. गोदूआत्या तिथली सगळ्यांत थोरली, तोंडानं फटकळ. तिच्या अंगाला सदा कंप असे. थेंब सांडायचा, म्हणून बिचारी तोंड फिरवून पीत असे.

त्या संध्याकाळी केशर थेंब घेऊन आली ती काकडतच. आत्याला जरा टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा थंडी पळाली होती.

"आत्या, तुझं अंग किती गरम आहे गं."

"गरम कसलं? ही मेली थरथर. थांबतच नाही."

केशर ताडकन उठली. मग म्हणाली, "आत चल."

"उंबरा सोडून? तशी रीत नाही."

"रीत गेली खड्ड्यात. अळ्या मरतायत."

आत्या उठली. पंख चालत नव्हते, म्हणून पायीच गेली, केशरच्या आधारानं. एका खान्याला तिनं छाती टेकली. "हे तर माझं पहिलं काम," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, विसरले."

मागोमाग उंबरा आत आला. जागेवरून कुरकुर झालीच. "सरक की जरा, सगळी ऊब तूच देणार का?"

एकटी ठकू तेवढी दारात राहिली. तिचं अंग कधीच निपचित झालं होतं. "मी येऊन काय करू?" ती म्हणाली.

"तिला मधोमध घ्या," गोदूआत्या खेकसली. "तीही गारठलीय."

थेंब कुणाचाच बंद झाला नाही. वाटणाऱ्या आता पाळणाघरातच वाटत, अळ्यांना भरवता भरवता.

हिवाळा सरत आला तेव्हा गोदूआत्याच्या छातीखालच्या खान्याचं झाकण आतून कुरतडलं गेलं. एक ओलं डोकं वर आलं. पाय लटपटत होते, सगळं अंग थरथरत होतं.

केशर थेंब घेऊन आली. आत्यानं या वेळी तोंड फिरवलं नाही. अर्धा प्याली, अर्धा सांडला. सांडलेला त्या नवीन माशीनं चाटून घेतला.