कोयरीवरचा दात

लाकडं अजूनही बोलतात, आपल्यालाच ऐकायला सवड नसते. एका रंगाऱ्याच्या घरी कोयरीचा जुना सागवानी ठसा होता. चार पिढ्या त्याने लुगड्यांवर कोयऱ्या उठवल्या आणि तो झिजला. पण शहरातल्या मुलींना ओढण्यांवर तीच जुनी नक्षी हवी होती. म्हणून सुताराने त्याच्यावरून हुबेहूब नवा ठसा कोरला.

नवा ठसा पहिल्याच दिवशी रुसला. "आजोबा, माझ्या कोयरीच्या टोकाला हा खळगा कसला? सुताराचा हात घसरला वाटतं. आता मला चुलीत घालतील!"

म्हातारा कानकोंडा झाला. "सुताराला बोल लावू नकोस रे. खळगा माझा आहे. या घरची यमू तेव्हा रांगत होती. तिला पहिला दात आला, हिरड्या शिवशिवत होत्या, आणि मी तिच्या हाती लागलो. कडकडून चावली बघ! तरी तिच्या आईने मला टाकलं नाही. सुताराला वाटलं, खळगाही नक्षीतलाच."

"म्हणजे मी जन्मभर चूकच छापायची?"



तेवढ्यात ओढणी घ्यायला आलेली एक मुलगी कोयऱ्यांच्या टोकांवरून बोट फिरवत म्हणाली, "आजी, प्रत्येक कोयरीवर हा इवलासा पांढरा ठिपका किती गोड दिसतो! याचा अर्थ काय हो?"

ओट्यावरच्या यमूआजीने ओढणी डोळ्यांजवळ नेली आणि ती खुदकन हसली. तोंडाचं पार बोळकं झालेलं.

"काही नाही गं बाई," ती म्हणाली, "माझा एक दात शिल्लक आहे तिथे."