केतकीराणीच्या डोक्यातलं मोहोळ

एक होती राणी. केतकी तिचं नाव. पाय पोटाशी घ्या सगळे, मग पुढचं सांगते.

तिच्या नगरात एक रीत होती, बरं का. घरची काळजी घरी ठेवायची नाही. सकाळी उठायचं, महालात जायचं आणि राणीच्या कानात सांगून यायचं. "राणीसाहेब, आमची गाय अडलीय, एवढं ध्यानात ठेवा." "राणीसाहेब, पोरीचं लग्न ठरत नाही, एवढं ध्यानात ठेवा." राणी भारी मायाळू. ती म्हणायची, "राहू दे माझ्याकडे." मग लोक हलके होऊन घरी जायचे आणि पोटभर जेवून ताणून द्यायचे.

आणि ती काळजी? ती राणीच्या कानातून आत शिरायची आणि तिची व्हायची मधमाशी. खरीखुरी. हसतोस काय रे, तुझ्या डोक्यात काय कमी गुणगुणतात?

असं होता होता राणीच्या डोक्यात मोहोळच झालं. जेवायला बसली की गूंऽऽ, निजायला गेली की गूंऽऽ. बिचारी भातावर वरण म्हणून पाणी वाढून घ्यायची आणि तसंच जेवायची.

तिची एक लेक होती, बकुळी. ती नुकती सागरगोटे झेलायला शिकली होती. "आई, बघ ना," म्हणाली. राणीच्या कानात गूंऽऽ. दुसऱ्यांदा म्हणाली, तरी गूंऽऽ. तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा राणी तिच्याकडे बघून म्हणाली, "राहू दे माझ्याकडे." मग बकुळीनं सागरगोटे ओच्यात बांधले आणि आईला हाक मारायचंच सोडलं. ते मात्र राणीला कळलं. आईच ती. फार रडली.

मग उपाय सुरू झाले. वैद्यबुवांनी धुरी दिली. माश्या चवताळल्या. प्रधानजींनी कानांत कापूस घातला. आतल्या माश्यांना बाहेर यायची वाटच उरली नाही. मग राजा म्हणाला, "आता मीच हाकलतो." त्यानं राणीला आणि बकुळीला रानात नेलं आणि भोवती ढोल लावले. शहाणाच तो. ढोलांनी राणीच्या डोक्यातली माशी काही हलली नाही, पण वर वडाच्या फांदीला आग्यामोहोळ होतं, ते उठलं.

ढोलवाले पळाले, प्रधानजी पळाले. राजासुद्धा पळाला, काय सांगू तुम्हांला. राणी तेवढी पळाली नाही. तिनं बकुळीला कुशीत ओढलं, पदर दोघींच्या डोक्यावरून घेतला आणि खाली बसली. माशी हाकलायला हात उठला. पण हात हलवला तर माश्या लेकीला डसतील, म्हणून तिनं तो खाली घेतला. मग ती नुसती बसून राहिली.

पदराखाली दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. श्वास आत यायचा, बाहेर जायचा. बकुळीचाही ऊन ऊन श्वास गळ्याशी लागायचा. मध्येच अडलेली गाय आठवली. राणीनं तिला हाकललं नाही, तिच्या मागेही गेली नाही. आली, गुणगुणली, गेली. पुन्हा श्वास.

मग काय झालं? बाहेरच्या माश्या एकेक करत फांदीवर जाऊन बसल्या. आणि आतल्या? त्याही बसल्या. डोक्यात कसं गार झालं. आणि त्या शांततेत राणीला अगदी हळू ऐकू आलं, "आई."

"काय गं बाळा?"

"सागरगोटे दाखवू?"

मग राणी तिथंच मातीत मांडी घालून बसली आणि बकुळीनं पाचही सागरगोटे झेलून दाखवले. मध्ये एकदा एक पडला, पण राणीला त्याचं काय.

तेव्हापासून रोज सकाळी राणी डोक्यावर पदर घेऊन घटकाभर स्वस्थ बसायची. काळज्या काय, त्या यायच्याच. आल्या की त्यांनाही बसू द्यायची. कुणी कानात काळजी सांगायला आलं, तर म्हणायची, "आधी बसा जरा माझ्याजवळ." बसता बसता किती जणांना आपला उपाय आपोआपच सुचायचा. ते आपली काळजी घेऊन घरी जायचे.

मग राजा, राणी, बकुळी, सगळी सुखात राहिली. राणीचं मोहोळ शांत बसलं, तसं तुमचंही बसो. मिटा डोळे. नाकाशी श्वास येतोय, जातोय, तेवढाच बघत राहा.

आणि ठमे, ते सागरगोटे उशीखाली ठेव. सकाळी उठलीस की दाखव. मी बघणार आहे.